बावीस अक्षरांची चिठ्ठी

शिरूर-दौंड भागात संघटनेच्या कामासाठी हिंडताना ‘लिव्हर गेले’ हे शब्द आमच्या कानी पुन्हा पुन्हा पडतात. त्यावर लोकांचा निकालही ठरलेला: ‘दारू!’ दारूने यकृत बिघडते हे खोटे नव्हे. पण कुरकुंभकडचा आमचा एक सहकारी यकृताच्या कर्करोगाने गेला, त्याने जन्मात दारूला स्पर्श केला नव्हता. सुतकातदेखील त्याच्या बायकोला हेच ऐकून घ्यावे लागले. तेव्हापासून, शाळा सातवीत सुटली असली तरी, आम्ही या विषयाची पुस्तके उघडली.

पेशीत जनुकांचे मूळ दप्तर असते. हव्या त्या पानाची नक्कल निघते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत निराळाच प्रकार दिसला. अवघ्या बावीस अक्षरांचा आरएनए त्या नकलेला चिकटतो आणि तिच्यावरचे काम अडते. दौंडच्या रेल्वे कामगारांना ‘कॉशन ऑर्डर’ समजावून सांगायला नको. गाडी तीच, रूळ तोच, पण कागद हाती पडला की वेग उतरतो. ही त्या कृमीचीच खोड असेल म्हणून बहुतेकांनी काणाडोळा केला. २००० साली असाच तुकडा माणसातही सापडला, आणि २०२४ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यकृतातील अशा मायक्रोआरएनएंपैकी निम्म्याहून अधिक भरणा एकट्या ‘१२२’चा. पेशींच्या वाढीला चेव आणणाऱ्या कित्येक नकला तो दाबून धरतो. कर्करोगाच्या पुष्कळ गाठींत तो घटलेला आढळतो. उंदरांतून तो काढून टाकला, तेव्हा यकृतात आधी चरबी साठली, मग सूज, मग वण आणि शेवटी गाठी. हे प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाले. दारूचा थेंब नाही! हेपेटायटिस ‘बी’च्या जुनाट संसर्गातही १२२ कमी झालेला दिसला आहे. ‘सी’चा विषाणू तर त्यालाच आपल्या वाढीसाठी राबवतो, पहारेकरीच फितवला म्हणा ना.

मग १२२ टोचून घ्यावा काय? इतके सोपे नाही. दुसऱ्या एका मायक्रोआरएनएचे औषध रोग्यांना देऊन पाहिले, पण गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ साली ती चाचणी थांबवावी लागली. हेपेटायटिस ‘बी’ची लस मात्र आज हाताशी आहे, बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत द्यायची. गेटसभेत आम्ही तिच्याविषयी आणि रक्ततपासणीविषयी बोलू लागलो, तेव्हा तपासणीचा कागद घेऊन सर्वांत आधी आली ती त्या सहकाऱ्याची बायको.