पियानोचा विझत जाणारा स्वर

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात पियानो रोज कानावर पडतो. कुणाच्या मोबाइलची रिंग वाजते, मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी एखादी धून मंद आवाजात चालू असते, कोचिंग क्लासच्या जाहिरातीमागे चार स्वर वाजून जातात. झोन एक आणि झोन दोनच्या रहदारीत तिकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नसते. दिलं तरी फारसं हाती लागत नाही, कारण स्पीकरमधून येईपर्यंत पियानोची मूळ गंमतच गळून गेलेली असते. पियानोचा स्वर उमटल्या क्षणापासून विझायला लागतो. वाजवणाऱ्याला तो पुन्हा फुलवता येत नाही, खेचता येत नाही, त्याच्यात मींड आणता येत नाही. अशा विझत्या स्वरांतून माणसं तीनशे वर्षं सलग गाणं उभं करत आली आहेत. हे प्रत्यक्ष मैफलीत, मायक्रोफोनविना, जिवाचा कान करून ऐकलं की माणूस या वाद्याच्या नादी लागतो. मी तसाच लागलो.

सुरुवात इटलीतल्या फ्लॉरेन्सची. मेदिची घराण्याच्या पदरी बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाचा वाद्यकारागीर होता. त्या काळच्या हार्पसिकॉर्डवर पट्टी दाबली की तार छेडली जायची, पण बोट हलकं टाका नाहीतर जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने तार छेडण्याऐवजी हातोडीने वाजवायचं ठरवलं. मेदिचींच्या वाद्यांच्या १७०० सालच्या यादीत या नव्या वाद्याची नोंद सापडते. त्याच्या हातचे तीन पियानो आजही शिल्लक आहेत. त्यांतला सर्वांत जुना, १७२० चा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ठेवलेला आहे.

त्याच्यापुढची अडचण विचार करण्यासारखी होती. हातोडी तारेवर आपटून तिथेच टेकून राहिली तर तार मुकी होणार. म्हणून त्याने अशी योजना केली की तारेला लागण्याच्या जरा आधीच हातोडी पट्टीपासून सुटते, उरलेलं अंतर एकटी उडत जाते, तार वाजवते आणि मागे पडते. आजच्या पियानोतही हेच घडतं. शेवटचे एक-दोन मिलिमीटर हातोडी कुणाच्याच ताब्यात नसते. तारेशी तिची भेट काही सहस्रांश सेकंदांची. वादकाला त्या स्वराबद्दल जे सांगायचं असेल ते हातोडी सुटण्यापूर्वी तिच्या वेगात भरावं लागतं. नंतर बोट पट्टीवर कितीही दाबलं, कितीही थरथरवलं, तरी स्वर ऐकत नाही. उरतो एकच निर्णय, पट्टी कधी सोडायची. हे कळल्यावर मोठ्या वादकाच्या बोटांखालून निघणारी सुरावट गळ्यातून आल्यासारखी लागते तेव्हा अंगावर काटा येतो.

मैफलीचा मोठा पियानो पावणेतीन मीटर लांब आणि वजनाने पाचशे किलोच्या आसपास असतो. पट्ट्या ८८, पण तारा सुमारे २३०, कारण मधल्या आणि वरच्या प्रत्येक स्वराला तीन-तीन तारा लागतात. या साऱ्या तारांचा एकत्रित ताण वीस टनांच्या घरात जातो. तो पेलायला आत ओतीव लोखंडाची चौकट असते. तारांचं कंपन घोडीवरून खालच्या स्प्रूस लाकडाच्या पातळ फळीत उतरतं आणि ती फळी सगळं सभागृह भरून टाकते.

आता त्या तीन तारांकडे वळू, कारण या वाद्यातलं मला सर्वांत थक्क करणारं काम त्या करतात. हातोडी तिन्ही तारांवर एकदम पडते. पहिल्या क्षणी तिन्ही तारा एका लयीत हलतात, घोडीला एकदिलाने ढकलतात, आवाज मोठा निघतो आणि ऊर्जा झपाट्याने खर्च होते. पण तिन्ही तारा काटेकोर एकसारख्या कधीच नसतात. थोड्याच वेळात त्यांची पावलं चुकतात. एक घोडीला वर ढकलते तेव्हा दुसरी खाली ओढते. धक्के एकमेकांना खोडून काढतात, घोडीला फार कमी ऊर्जा मिळते, म्हणून उरलेला स्वर खूप सावकाश संपतो. थोडक्यात, पियानोचा असा प्रत्येक स्वर दोनदा विझतो, आधी घाईने, मग रेंगाळत. गॅब्रिएल वाइनराइख या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये याचं गणित मांडलं. तो रेंगाळणारा दुसरा भाग फार बारीक असतो. मोबाइलच्या स्पीकरवर तो रस्त्याच्या आवाजात बुडून जातो. शांत सभागृहात तोच कानाला धरून ठेवतो.

भोपाळच्या जुन्या श्रोत्यांना विझत्या स्वराची ही व्यथा परकी वाटू नये. १९८१ मध्ये इथे ध्रुपद केंद्र सुरू झालं आणि उस्ताद झिया फरिदुद्दीन डागर यांनी या शहरात वर्षानुवर्षं ध्रुपद शिकवलं. त्यांचे थोरले भाऊ झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणा वाजवत आणि पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं गुरुकुल होतं. रुद्रवीणेचा स्वरही छेडल्याबरोबर ओसरू लागतो. ध्रुपदाच्या संथ आलापात तो टिकावा, एका आघातात लांबवर मींड नेता यावी, म्हणून मोहिउद्दीन खाँसाहेबांनी वीणेचे भोपळे आणि दांडी मोठी करून घेतली, जाड तारा चढवल्या, मिजराब बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी छेडलं. स्वर जगवायचा त्यांचा मार्ग वाद्य बदलण्याचा आणि तार खेचण्याचा. पियानोवाल्याला तार खेचता येत नाही, म्हणून त्याने रचना लिहितानाच उपाय शोधले.

हे उपाय ओळखता येऊ लागले की मैफल निराळीच ऐकू येते. बेथोव्हेनचा शेवटचा पियानो सोनाटा, ओपस १११, १८२२ चा. त्याच्या दुसऱ्या भागात दोन शेजारचे स्वर इतका वेळ आणि इतक्या वेगाने आलटून पालटून वाजतात की विझणं जाणवतच नाही. स्वर हवेत तरंगत राहतो. त्याच बेथोव्हेनने १८०१ च्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पूर्ण पहिला भाग तारांवरचे दाबे उचलून वाजवायला सांगितला आहे. दाबे उचलले की न वाजवलेल्या ताराही सारंगीच्या तरफेसारख्या आपोआप गुणगुणू लागतात. त्याच्या काळच्या हलक्या पियानोवर स्वर लवकर विरायचे म्हणून ते शोभायचं; आजच्या दणकट पियानोवर शब्दशः तसं केलं तर सुरांचा चिखल होतो. म्हणून आजचा वादक दाबे उचलणाऱ्या पेडलवरचा पाय क्षणोक्षणी किंचित उचलतो, टेकवतो. जमलं तर त्याच्या बोटांपेक्षा पायाकडे बघा. आणि शुमानच्या ‘पापियों’ या मालिकेचा शेवट! अनेक स्वर एकत्र दाबून धरायचे आणि मग एकेक बोट उचलत न्यायचं. प्रत्येक स्वर वाजल्यामुळे नव्हे, गेल्यामुळे ऐकू येतो. एकवीस वर्षांच्या मुलाला हे सुचलं.

पण आपल्या कानाची एक रास्त तक्रार आहे आणि ती दडपून पियानोवर प्रेम करता येणार नाही. तंबोरा उत्तम लागला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार बोलतो. तो निसर्गाचा गांधार. मूळ कंपनाच्या पाचव्या पटीतून आलेला. पियानोचं सप्तक बारा समान भागांत वाटलेलं असतं, त्यामुळे कुठल्याही पट्टीला षड्ज मानता येतं. या सोयीची किंमत गांधाराने मोजली आहे. एका पट्टीचं अंतर शंभर सेंट मानलं, तर स्वयंभू गांधार षड्जापासून ३८६ सेंटवर आणि पियानोचा ४०० वर. चौदा सेंटची ही चढ तयार कानाला बोचते. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती, त्यामागे मींड न येण्याबरोबर हेही कारण होतं. तरी मराठी माणसाने पेटी सोडली नाही. पियानोच्या बाबतीत माझा अनुभव असा, की तो गांधार एका षड्जाला चिकटून राहत नाही. षड्जच सतत जागा बदलतो, आणि काही वेळाने कान त्या प्रवासात रमतो. ज्यांना तरीही शुद्ध स्वरच हवेत त्यांनी ला मॉन्ट यंग या अमेरिकन रचनाकाराचं नाव लक्षात ठेवावं. त्याने १९६४ पासून अख्खा पियानोच शुद्ध गुणोत्तरांत लावून तासन् तास चालणारी रचना घडवली, आणि पुढे तो पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. प्राणनाथांचे गुरू किराण्याचे अब्दुल वहीद खाँ, म्हणजे हिराबाई बडोदेकरांचेही गुरू.

यापेक्षा विलक्षण नातं देवगिरीचं, म्हणजे आजच्या दौलताबादचं, आहे. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या तालाध्यायात १२० देशी ताल दिले आहेत. सातशे वर्षांनी एका फ्रेंच संगीतकोशात छापलेली ती यादी ओलिव्हिए मेसियाँ या तरुण रचनाकाराच्या हाती पडली आणि तो त्या तालांनी झपाटला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याला पकडलं. गोर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो यांच्यासाठी ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ पुरी केली, आणि १५ जानेवारी १९४१ रोजी कडाक्याच्या थंडीत कैद्यांसमोर ती वाजली. पियानो जुना, बेसूर, पट्ट्या अडकणाऱ्या. त्यावर स्वतः मेसियाँ बसला होता. पहिल्या भागात त्याच्या हातात जे लयीचे तुकडे फिरत राहतात ते रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या शार्ङ्गदेवाच्या तालांचे आहेत. हा लयीचा पट १७ मात्रामूल्यांचा आणि त्यावर ठेवलेली स्वरसंगतींची माळ २९ ची. दोन्ही मूळ संख्या, म्हणून एक चक्र पुरं होताना दुसरं अर्ध्यावरच असतं. आपण समेची वाट पाहत राहतो आणि ती येतच नाही. दौलताबादचा किल्ला चढणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की इथल्या ग्रंथातले ताल युरोपातल्या तुरुंगात पियानोवर वाजले होते? मला हे कळलं तेव्हापासून पियानोला परदेशी म्हणताना जीभ अडखळते.

मैफलीच्या शांततेबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्याकडचा नवा श्रोता तिथेच बावरतो. आपल्या बैठकीत दाद देणं हा संगीताचाच भाग. पियानोच्या मैफलीत मात्र सोनाटाच्या दोन भागांमध्येही कुणी टाळी वाजवत नाही. ही रीत फार जुनी नाही. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना आनंदाने कळवलं होतं, की त्याची सिंफनी चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण पियानोपुरती मला आजची रीत पटते. आपल्याकडे गायक थांबला तरी तंबोरा चालू असतो. शांततेखाली षड्ज असतोच. पियानोच्या शांततेखाली काहीच नसतं. शेवटचा स्वर विझत जातो, ऐकू येतो की आठवतो हे सांगता येत नाही, आणि शेकडो माणसं श्वास रोखून त्या सीमेवर उभी असतात. लवकर पडलेली एक टाळी ते सगळं घेऊन जाते.

भोपाळहून हे ऐकायला जायचं तर सर्वांत खात्रीचं ठिकाण मुंबईचं एनसीपीए, नरिमन पॉइंटला. तिथलं टाटा थिएटर १९८० चं. आराखडा फिलिप जॉन्सनचा, ध्वनियोजना सिरिल हॅरिसची. शेजारचं जमशेद भाभा थिएटर १९९९ मध्ये सुरू झालं. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून इथलाच. त्याचे हंगाम साधारणपणे फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास असतात आणि पियानोवादक पाहुणे म्हणून येतात. गोव्याला गेलात तर कला अकादमीचे कार्यक्रम बघा. ती इमारत चार्ल्स कोरियांची, आपल्या भारत भवनासारखीच.

तिकीट काढताना सभागृहाच्या डाव्या बाजूची जागा मागा, तिथून वादकाचे हात दिसतात. कार्यक्रमातली एक तरी रचना आधी दोनदा ऐकून जा. पहिल्या वेळी कंटाळा आला तर वादक बदलून तीच रचना पुन्हा ऐका. ख्यालात एकच बंदिश दोन गवयांकडून ऐकतो तशी. आणि भोपाळमधल्या संयोजकांना माझी मनापासून विनंती आहे. भारत भवनाच्या ‘अंतरंग’सारख्या आटोपशीर सभागृहात, नीट लावलेल्या ग्रँड पियानोवर, ध्वनिक्षेपक पूर्ण बंद ठेवून मैफली भरवा. ध्रुपदाचा आलाप तासभर शांतपणे ऐकणारं हे शहर आहे. श्रोते मिळतील.