एका समुद्रफुलाची दोन

धारदार पात्याचा एकच सरळ घाव, बरोबर तोंडाच्या मधून. समुद्रफूल (‘सी अ‍ॅनिमोन’ हा सागरी जीव) दुभंगते, पण मरत नाही. प्रत्येक अर्धुकाच्या कापलेल्या कडा आत वळतात, एकमेकींना चिकटतात आणि एक-दोन आठवड्यांत काचेच्या टाकीत दोन स्वतंत्र जीव उभे राहतात.

हे साधते, कारण समुद्रफुलाला मेंदू नसतो, हृदयही नसते. मज्जातंतूंचे जाळे अंगभर पसरलेले असते. अट एकच : प्रत्येक तुकड्याला तोंडाचा आणि तळपायाचा वाटा मिळाला पाहिजे.

या कामासाठी मत्स्यालयाची हौस असलेली मंडळी बहुधा ‘बबल टिप’ जात निवडतात. क्लाउनफिश हा मासा तिच्या शुंडकांत आसरा घेतो. ही जात निसर्गातही स्वतःहून दुभागते, म्हणून घाव सोसते. गालिच्यासारखी पसरणारी ‘कार्पेट’ जात मात्र सहसा अशी दुभागत नाही; तिच्यावर पाते चालवणे म्हणजे बहुतेक वेळा तिचा जीव घेणेच.

कापायचे ते धष्टपुष्ट, टाकीत रुळलेले समुद्रफूलच. हातमोजे हवेत, कारण शुंडकांत डंख असतो. नंतर पाणी स्वच्छ आणि खेळते ठेवावे, जखम भरेपर्यंत खाऊ घालू नये.

समुद्रफुले दीर्घायुषी असतात. १८२८मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून जॉन डॅलिएल यांनी आणलेले ‘ग्रॅनी’ १८८७पर्यंत काचपात्रात जगले. प्रवाळभित्तीवरून उचललेल्या अशा दीर्घायुषी जीवाची जागा लवकर भरून येत नाही. म्हणून हौशी वाचकांनी समुद्रातून आणलेल्याऐवजी टाकीत वाढवलेलेच समुद्रफूल मागून घ्यावे.