स्वतंत्र वाद्यविक्री दुकाने व घाऊक पुरवठादार यांचे परस्परसंबंध : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) प्रभावामुळे खंजिरी भजन वर्धा जिल्ह्याच्या ग्रामजीवनात रुजले. भजनी मंडळांना हार्मोनियम, तबला, पखवाज, टाळ व खंजिरी पुरविणारी लहान दुकाने हा या परंपरेचा आर्थिक आधार होय. अशा दुकानांनी घाऊक पुरवठादारांशी निकटचे संबंध ठेवणे का हितावह आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुरवठ्याचे स्वरूप :
तंतुवाद्यांसाठी मिरज प्रसिद्ध आहे. तेथील सतार व तानपुऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गोंदिया–कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेसमुळे वर्धा व मिरज थेट जोडलेले आहेत. हार्मोनियमच्या सुरांच्या पट्ट्यांसाठी गुजरातमधील पालिताणा प्रसिद्ध आहे.

निकट संबंधांचे लाभ :
१) भांडवल : सतार, तानपुरा यांना ग्रामीण भागात क्वचितच गिऱ्हाईक मिळते. विश्वासाचा पुरवठादार असल्यास ही वाद्ये मागणीनुसार मागविता येतात व भांडवल टाळ, तारा, पुड्या अशा नित्य खपाच्या मालासाठी मोकळे राहते.

२) दुरुस्ती : विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, भोपळ्यास तडे जातात, पावसाळ्यात पुडी सैल पडते. कारागिराकडून सुटे भाग व जवारी काढण्याचे ज्ञान मिळाल्यास दुकान केवळ विक्रीकेंद्र न राहता दुरुस्तीकेंद्र बनते. दुकानदारानेही कोणता माल येथील हवामानात टिकत नाही, हे निर्मात्यास कळवावे.

३) हंगाम : गणेशोत्सवापासून कार्तिकातील काकड्यापर्यंत मागणी एकवटते. आगाऊ कल्पना दिल्यास माल वेळेवर मिळतो.

मर्यादा :
शेतकऱ्याच्या हाती कापूस-सोयाबीनचा पैसा साधारणतः दिवाळीच्या सुमारास येतो; त्यामुळे मंडळांची उधारी लांबते. मात्र २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाची रक्कम लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे आवश्यक आहे. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून अशी रक्कम विलंबाने दिल्यास त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष रक्कम दिलेल्या वर्षीच मिळते. सबब मंडळांकडून काही रक्कम आगाऊ घेणे व पुरवठादाराशी लेखी करार करणे उचित ठरते.

निष्कर्ष :
किमतीच्या स्पर्धेत लहान दुकानास मोठ्या बाजारपेठेशी टक्कर देणे कठीण आहे. दुरुस्ती, जाणकारी व वेळेवर सेवा ही त्याची बलस्थाने होत. ती टिकवायची असल्यास घाऊक पुरवठादारास केवळ माल देणारा न मानता व्यवसायातील सहकारी मानणे आणि कारागिराचे देणे वेळेवर चुकविणे अगत्याचे आहे. अन्यथा फुटक्या पुडीसाठीही गावच्या मंडळाला नागपूर गाठावे लागेल.