विश्लेषण : विजेतेपद मिळवून देणारा प्रशिक्षक चाहत्यांना नकोसा का झाला? २७५ कोटींची अट काय होती?

अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला २१ मार्च २०२४ रोजी मोठा धक्का बसला. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत मिशिगनमधील ओकलंड विद्यापीठाने त्यांना ८०-७६ असे हरवले. गटात केंटकीला तिसरे मानांकन होते, तर ओकलंडला चौदावे. त्यानंतर १५ वर्षे संघाची धुरा सांभाळणारे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांना ठेवायचे की निरोप द्यायचा, यावरून चाहत्यांमध्ये उभी फूट पडली. तीन आठवड्यांत प्रश्न सुटला, पण तो चाहत्यांनी किंवा विद्यापीठाने सोडवला नाही.

कॉलेजच्या संघाला इतके महत्त्व का?

केंटकी राज्यात एनबीएचा एकही संघ नाही. त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच अनेकांसाठी राज्याचा संघ. लेक्सिंग्टनमधील रप अरीनात सुमारे २० हजार प्रेक्षक बसतात. संघाच्या नावावर आठ राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. त्याहून जास्त फक्त कॅलिफोर्नियातील यूसीएलएकडे आहेत. अशा ठिकाणी ‘चांगला हंगाम’ पुरेसा ठरत नाही.

कॅलिपारी यांची कामगिरी कशी होती?

२००९ मध्ये ते केंटकीत आले. पहिल्या सहा हंगामांत संघ चार वेळा ‘फायनल फोर’मध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांत पोहोचला. २०१२ मध्ये विजेतेपद मिळाले. २०१४-१५ मध्ये सलग ३८ सामने जिंकून संघ उपांत्य फेरीत हरला. अँथनी डेव्हिस, डेव्हिन बुकर, शे गिलजस-अलेक्झांडर हे आजचे एनबीए तारे त्यांच्याच हाताखाली खेळले.

घसरण कधी सुरू झाली?

२०१५ नंतर केंटकीचा संघ त्यांच्या काळात पुन्हा फायनल फोरपर्यंत गेला नाही. २०२०-२१ च्या करोनाकाळातील हंगामात ९ विजय आणि १६ पराभव झाले. २०२२ मध्ये दुसरे मानांकन असताना न्यू जर्सीतील सेंट पीटर्स या छोट्या विद्यापीठाने पहिल्याच फेरीत बाहेर काढले. २०२३ मध्ये दुसऱ्या फेरीत गाशा गुंडाळावा लागला. २०२४ मध्ये ओकलंड. म्हणजे चार वर्षांत राष्ट्रीय स्पर्धेत फक्त एक विजय.

चाहत्यांच्या दोन गटांचे म्हणणे काय होते?

‘ठेवा’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा स्पर्धेच्या स्वरूपाचा होता. ६८ संघांची ही स्पर्धा बाद पद्धतीची असते; एक खराब रात्र आणि हंगाम संपला. साधे गणित पाहा. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ७० टक्के धरली, तरी विजेतेपदासाठी लागणारे सलग सहा सामने जिंकण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के उरते. मग एका रात्रीवरून १५ वर्षांचा हिशेब का करायचा?

‘काढा’ म्हणणाऱ्यांचे उत्तरही गणितातच होते. दुबळ्या संघाविरुद्ध जिंकण्याची शक्यता ९० टक्के धरली, तर अशा तीन सामन्यांत दोनदा हरण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या आसपास येते. त्यामुळे सगळे खापर नशिबावर फोडता येत नाही.

मग चूक कुठे होती?

वादाच्या मुळाशी ‘वन अँड डन’ पद्धत होती. एनबीएत येण्यासाठी किमान १९ वर्षांचे वय लागते. म्हणून शाळेतील सर्वोत्तम खेळाडू एक वर्ष कॉलेजात खेळून निघून जातात. कॅलिपारी यांनी याच खेळाडूंवर संघ उभे केले. पण २०२१ पासून नियम सैल झाले. खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येऊ लागली आणि वर्ष न गमावता कॉलेज बदलता येऊ लागले. त्यामुळे अनुभवी खेळाडू कॉलेजांतच टिकले. ओकलंडकडून दहा थ्री-पॉइंटर मारणारा जॅक गोल्की पदव्युत्तर विद्यार्थी होता आणि आधी दुसऱ्या श्रेणीतील कॉलेजात खेळून आला होता. समोर केंटकीचे तरुण खेळाडू होते. त्यातील रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम हे तीनच महिन्यांनी एनबीएच्या निवडीत पहिल्या आठांत होते.

प्रशिक्षकाला काढणे अवघड का होते?

कारण करार. २०१९ मध्ये यूसीएलएने कॅलिपारी यांच्यात रस दाखवल्यावर केंटकीने त्यांना दहा वर्षांचा करार दिला. मुदतीआधी काढल्यास उरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा देण्याची अट त्यात होती. २०२४ मध्ये ही रक्कम ३.३ कोटी डॉलरच्या वर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २७५ कोटी रुपये होत होती. मात्र प्रशिक्षकाने स्वतःहून नोकरी सोडल्यास ही रक्कम लागू होत नव्हती. चांगल्या दिवसांत त्यांना थांबवण्यासाठी केलेला करार वाईट दिवसांत विद्यापीठाच्याच गळ्यात पडला.

पुढे काय झाले?

कॅलिपारी पुढच्या हंगामातही राहतील, असे क्रीडा संचालक मिच बार्नहार्ट यांनी मार्चअखेरीस जाहीर केले. पण दोन आठवड्यांतच कॅलिपारी यांनी स्वतः आर्कान्सॉ विद्यापीठाची वाट धरली. केंटकीने १९९६ च्या विजेत्या संघाचा कर्णधार मार्क पोप याच्या हाती सूत्रे दिली.

कोणता गट बरोबर ठरला?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी कॅलिपारी आर्कान्सॉचा संघ घेऊन रप अरीनात आले. त्यांची हुर्यो उडवली गेली आणि त्यांच्या संघाने ८९-७९ असा विजय मिळवला. पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय स्पर्धेत केंटकी आणि आर्कान्सॉ दोन्ही संघ शेवटच्या सोळांत पोहोचले. म्हणजे प्रशिक्षक संपलेला नव्हता आणि त्याच्याविना संघही कोसळला नाही. ‘ठेवा की काढा’ या वादात तिसरी शक्यता मागे पडली होती : दोघेही चांगले असू शकतात, फक्त एकमेकांसोबतचा त्यांचा काळ संपलेला असतो.