वजीर गेला, राज्य फुटले

मराठी माणसाला बिदर ठाऊक असते ते दामाजीपंतांच्या कथेमुळे. मंगळवेढ्याच्या धान्याची रक्कम विठूने ज्या बादशहापुढे नेऊन भरली, तो बिदरचा. तिथल्या बहमनी राज्याची घडी महमूद गवान या वजिराने सावरली, आणि त्याच्या शिरच्छेदानंतर ती कायमची विस्कटली.

राज्य यादवीने पोखरलेले होते. इथे रुजलेले दखनी सरदार आणि इराण-तुराणातून आलेले आफाकी यांचे हाडवैर. चाकणला आफाकींची कत्तल झाली होती. बहमनी सुलतान हुमायून शहाविरुद्ध सख्ख्या भावाने बंड केले; ते त्याने इतक्या क्रूरपणे मोडले की ‘जालीम’ हेच त्याचे नाव पडले. १४६१ मध्ये तो वारला, गादीवर लहान मूल बसले आणि माळव्याचा सुलतान बिदरवर चालून आला. राजमाता आणि गवान यांनी गुजरातची कुमक आणून राज्य वाचवले.

गवान मूळचा गीलानचा, व्यापारी म्हणून दाभोळला उतरलेला. १४७२ मध्ये त्याने गोवा जिंकला. बिदरचा निळ्या फरश्यांचा मदरसाही त्याचाच. पण त्याचे खरे मोठे काम कारभारातले. त्याने चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या, जमिनी मोजल्या आणि दोन्ही गटांना पदे वाटून दिली. तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले.

हे सरदारांच्या वर्मी लागले. दखनी सरदार मलिक हसन निजामुल्मुल्कच्या गटाने गवानच्या मोहोरदाराला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि ओडिशाच्या गजपतीला स्वारीचे आमंत्रण देणारे पत्र त्यावर लिहिले. कोंडापल्लीच्या छावणीत सुलतानाने ते पुढे केले. शिक्का माझा, पत्र माझे नव्हे, असे गवानने सांगितले. चौकशी झालीच नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी ओलांडलेल्या वजिराची मान उडवली गेली.

इतका निष्ठावान माणूस सुरक्षित नसेल, तर आपली काय कथा? युसुफ आदिलखानासारखे सरदार सुलतानाच्या छावणीपासून अंतर राखून तळ देऊ लागले, मग आपापल्या सुभ्यांकडे निघून गेले. वर्षभरात सुलतानही मेला. १४८६ मध्ये मलिक हसन मारला गेला.

सरदारांचे बळ कमी करण्यासाठी गवानने दौलताबादेतून जुन्नर आणि गुलबर्ग्यातून विजापूर वेगळे काढले होते. जुन्नरच्या मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभारली, विजापुरात आदिलशाही उभी राहिली. वऱ्हाड आणि गोवळकोंडाही सुटले. गुलबर्गा पुढे आदिलशहाकडे गेले, आणि बिदरमध्ये बहमनी सुलतान बरीद वजिरांच्या मुठीत नावापुरते उरले.