सार्वकालिक जीवन म्हणजे काय ?

शाळेच्या उपासनेंत आणि शास्त्रवाचनाच्या तासास 'सार्वकालिक जीवन' हे शब्द वारंवार कानीं पडतात. ते इतके परिचयाचे झाले आहेत कीं, त्यांचा अर्थ विचारण्याची गरज बहुतेकांस वाटत नाहीं. कोणी विचारलेंच, तर 'मेल्यावर स्वर्गांत मिळणारें न संपणारें आयुष्य' असें उत्तर येतें. हें उत्तर खोटें नव्हे. परंतु तें अपुरें आहे, आणि त्या अपुरेपणानें मोठी हानि होते. तरुण म्हणतो, 'त्याला अजून पुष्कळ अवकाश आहे'. आणि ज्या घरांत नुकतेंच मरण येऊन गेलें, त्या घरास तें फार दूरचें सांत्वन वाटतें. म्हणून विद्यार्थी मित्रांशीं व त्यांच्या पालकांशीं ह्या विषयावर चार शब्द बोलावे, असें आम्हांस वाटतें.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायांत, वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्रीं प्रभु येशूनें केलेली प्रार्थना आहे. तिच्या तिसऱ्या वचनांत त्यानें ह्या जीवनाचा अर्थ स्वतःच उलगडला आहे. त्याचा भाव असा कीं, एकमेव खऱ्या देवास व त्यानें पाठविलेल्या ख्रिस्तास ओळखणें, हेंच तें जीवन. येथें वर्षांची मोजदाद नाहीं. केवळ न संपणें हा कांहीं लाभ नव्हे. मत्सरानें व भयानें ग्रासलेलें आयुष्य हजार वर्षें लांबविलें, तर तो शापच होईल. शिवाय त्याच शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायांत, विश्वास ठेवणाऱ्यास हें जीवन आजच लाभलें आहे असें प्रभु सांगतो; पुढें केव्हां तरी लाभेल, असें नव्हे.

आतां 'ओळखणें' म्हणजे काय ? आपल्या कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें १८ किलोमीटरांवर जोतिबाचा डोंगर आहे. त्याची पायरी न चढलेला विद्यार्थीही सांगूं शकेल कीं, तेथील गांवास वाडी रत्नागिरी म्हणतात, आजचें मुख्य देवालय राणोजी शिंदे यांनीं १७३० सालीं बांधविलें, आणि चैत्री पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते. ही झाली माहिती. परंतु दूरच्या गांवाहून सासनकाठी घेऊन, गुलालानें माखून, 'चांगभलं' असा गजर करीत जो यात्रेकरू डोंगर चढतो, तो माहितीसाठीं येत नाहीं. त्यास देवाची भेट हवी असते. त्याची श्रद्धा आमच्या श्रद्धेहून निराळी आहे. तरी त्या तळमळीस हंसणें ख्रिस्ती माणसास शोभत नाहीं. उलट त्यानें स्वतःस विचारावें कीं, मला देवाविषयीं नुसती माहिती आहे, कीं देवाची ओढही आहे ? पाठ केलेलीं वचनें परीक्षेंत गुण देतील. ओळख करून देतीलच असें नाहीं.

ख्रिस्ती शुभवार्ता ही कीं, मनुष्यानें देवाकडे चढून जाण्यापूर्वींच देव स्वतः खालीं उतरून आला. तो गोरगरिबांत जन्मला, नासरेथांत सुतारकाम करीत वाढला, ज्यांस सर्वांनीं टाकलें त्यांच्या पंक्तीस बसला, आणि आपल्या पापांचा भार वाहून मरण पावला व तिसऱ्या दिवशीं उठला. तो जिवंत आहे. म्हणून त्याची भेट एका तिथीची किंवा एका स्थळाची राहत नाहीं. घरीं, शेतांत, वर्गांत तो आपल्याबरोबर असतो.

ह्या बरोबर असण्यालाच नव्या करारांत सहभागिता म्हटलें आहे. तिचें मूळ ग्रीक नांव कोइनोनिया. त्याच मुळापासून झालेला शब्द लूकच्या ५ व्या अध्यायांत याकोब व योहान ह्या कोळ्यांस लाविला आहे. ते शिमोनाचे धंद्यांतील भागीदार होते. कष्ट एकत्र आणि मिळालेली मासळीही एकत्र. आपल्या शेतकऱ्यांस पैरा ठाऊक आहे : आज ह्याच्या रानांत दोघांचे बैल, उद्यां त्याच्या रानांत. देवाशीं सहभागिता कांहींशी अशीच. मात्र येथें आपल्याजवळ देण्यासारखें फारसें नसतें. आपलें पाप व भय त्यानें घ्यावें, आणि त्याची क्षमा व शांति आपण घ्यावी, असा हा विलक्षण व्यवहार आहे. त्यांत शेजारीही येतो. भावावर ज्याची प्रीति नाहीं तो अजून मरणांतच आहे, असें योहान आपल्या पहिल्या पत्रांत बजावतो.

ह्याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत झालें. १८९३ सालीं आगगाडींत एका अनोळखी युरोपीय गृहस्थानें नारायण वामन टिळकांस नव्या कराराची प्रत दिली. ती वाचून त्यांचें मन पालटलें, व १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांस ह्याची किंमत द्यावी लागली. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई व लहान मुलगा कित्येक वर्षें त्यांच्यापासून दूर राहिलीं. पुढें लक्ष्मीबाई परत आल्या, त्या प्रथम आपलें सोंवळें सांभाळूनच. मनुष्यांतील उच्चनीच भेद देवानें केलेला नाहीं, हें त्यांचें त्यांस उमगलें, आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रें' ह्या त्यांच्या आत्मचरित्रांत ही हकीकत विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावी. तुकोबांच्या अभंगांनींच आपणांस ख्रिस्ताकडे आणलें, असें टिळक शेवटपर्यंत मानीत. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले ख्रिस्तभक्त तेथें एकत्र यावे, ही त्यांची इच्छा होती. १९१९ सालीं ते निवर्तले. त्यांचें आयुष्य साठ वर्षांचेंही नव्हतें. पण सार्वकालिक जीवन त्यांनीं मरणाची वाट न पाहतां उपभोगिलें.

विद्यार्थ्यानें आरंभ कोठें करावा ? सकाळीं थोडा वेळ शांतपणें देवाशीं बोलावें, आणि त्याचें वचन वाचून त्याचेंही ऐकावें. चूक झाली तर ती त्याच्यापुढें लपवूं नये. ज्या सोबत्याजवळ कोणी बसत नाहीं, त्याच्याजवळ जाऊन बसावें. ह्या लहान गोष्टींनीं जीवन विकत मिळत नाहीं, तें कृपेचें दान आहे. परंतु घेतलेलें दान अशा गोष्टींनींच वाढतें.

आणि ज्या मातापित्यांनीं आपलें लेंकरूं मातीआड केलें असेल, त्यांस आम्ही नम्रपणें एवढेंच सांगूं : ज्या प्रभूचा हात आज तुमच्या हातांत आहे, त्याच्याच हातांत तुमचें लेंकरूंही आहे. मरण शरीराची गांठ सोडवितें. देवानें बांधलेली गांठ सोडविण्याचें बळ त्याच्या अंगीं नाहीं.