जुना छोटा हत्ती घेताय? आधी गिअर ऑइल काढून बघा

डिलिव्हरीसाठी बरेच जण जुना टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती घेतात. ही गाडी २००५ पासून बाजारात आहे, त्यामुळे जुन्या गाड्या भरपूर मिळतात. पण इंजिन ऑइल वेळेवर बदलणारा मालकसुद्धा गिअरबॉक्सचं ऑइल वर्षानुवर्षं विसरतो.

म्हणून सौदा पक्का करण्याआधी मालकाला सांगा, "गिअर ऑइल माझ्या खर्चाने बदलून बघतो." ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. गाडी थोडी चालवून सपाट जागेवर लावा. आधी वरचा, ऑइल भरायचा बोल्ट सुटतो का बघा. मगच खालचा काढा. वरचा अडकला आणि ऑइल निघून गेलं, तर गाडी तिथेच उभी!

निघालेलं ऑइल बोटावर घ्या. काळं, बारीक पूड असलेलं चालतं. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. लोखंडाचे तुकडे निघाले तर गिअर खराब झालेत. भाव पाडा, नाहीतर गाडी सोडा.

नवीन ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच भरा. त्याने झिजलेला गिअर बरा होत नाही, पुढची झीज कमी होते. तारीख आणि किलोमीटर लगेच डायरीत लिहा. गाडी बंद, तर धंदा बंद.